टेकडीमागची पडीत जागा

आमच्या बेलटेकडीची पाण्याची टाकी टेकडीमागं आहे, तिची चावी माह्याजवळ असते. सकाळी साडेपाचले मी वॉल खोलतो, साडेसातले बंद करतो. पाणी दोन मिनिटं उशिरा आलं तं बाया माह्या नावानं खडे फोडतात, अन् मीही काही कमी नाही, टाकीच्या पायरीवरूनच उलटून बोलतो. लोक म्हणतात, देवाजी शिपाई खवचट माणूस आहे. असन. आहो मी खवचट. सारं गाव त्या टाकीचं पाणी पिते, माही बायको जयवंता तेवढी पीत नाही. ती अजून विहिरीचं आणते, उकळते, गाळते अन् पिते. तिनंच भांडून ही टाकी आणली, अन् तीच पीत नाही. नवीन ले-आऊटमधी प्लॉट घेऊन राहायले आलेले विचारतात, काहून गा देवाजी, बाईले काय झालं? मी म्हणतो, तुम्हाले काय करायचं, आपली बादली भरा. पण आज सांगतोच. मीही आता किती दिवस राहणार आहो.

पहिले गाव समजून घ्या. आता बेलटेकडी नागपूरचा वार्ड आहे, सिटी बस येते, पानठेले झाले. पण चौऱ्याहत्तर सालापर्यंत इथं ग्रामपंचायत होती. चारशेक घरं. अर्धे कुणबी-तेली, कास्तकारीवाले. अर्धे आम्ही, छप्पन साली दीक्षा घेतलेले. मी पंचायतीचा शिपाई. दवंडी देणं, विहिरीत लाल दवा टाकणं, सभेचा चहा करणं, सरपंचाच्या घरून रजिस्टर आणणं-नेणं, सारं माह्याकडं. सरपंच होते गोपाळराव भोयर. संत्र्याची बाग, मिशा मोठ्या, आवाज त्याहून मोठा, पण मनाचे वाईट नव्हते.

दीक्षेले मी अन् माहा बाप रामाजी पायी गेलो होतो. परत आलो तवा बापानं घरातले देव टोपल्यात भरले अन् कन्हानमधी सोडून आला. नवस गेले, उपास गेले, अंगात येणं गेलं. मी म्हटलं, चला, सुटलो. पण एक रीत तेवढी सुटली नाही, अन् ती आमची एकट्याची नव्हती, साऱ्या गावाची होती.

लहान लेकरू मेलं तं त्याले जाळत नाहीत, पुरतात, हे तं सगळीकडंच आहे. आमच्या गावचं त्याच्या पुढं होतं. बाप अन् घरचा एक बुढा, दोघंच जायचे. एका वाटेनं जायचं, दुसऱ्या वाटेनं यायचं. वर दगड ठेवायचा नाही, खूण करायची नाही. अन् जागा लेकराच्या मायले सांगायची नाही, जन्मभर नाही. बुढे म्हणत, मायले जागा समजली तं ती तिथंच जाऊन बसते, घरी येत नाही, पोटी दुसरं लेकरू राहत नाही. बायाइच्या समोर त्या जागेचं नावच काढायचं नाही.

ती जागा म्हणजे टेकडीच्या मागचं मुरमाचं सपाट, चार-सहा पळसाची झाडं. विहिरी वेगळ्या होत्या, मसण वेगळं होतं, पण लेकराइची जागा कुणब्याची अन् आमची एकच. ज्याच्यावर पाळी आली त्यालेच ती माहीत व्हायची, अन् माहीत झाली की त्याचं तोंड बंद. बायाइले सांगून ठेवलं होतं, तिकडं विंचू आहेत, सरपणाले जाऊ नका. अन् त्याही गेल्या नाहीत.

माह्यावर पाळी आली साठ साली, वैशाखात.

आमची पोरगी वच्छला दीड वर्षाची होती. मी ड्युटीवरून आलो की माह्या खाकी सदऱ्याच्या खिशात हात घालून फुटाणे शोधायची. फुटाणे नसले तं खिशाले लोंबकळून बसायची, सोडायची नाही. त्या साली विहिरीनं तळ गाठला. गढूळ पाणी, त्यात काय काय पडलेलं. गावात हगवण लागली. वच्छीले सकाळी लागली, दुपारी डोळे खोल गेले. दमणी जुंपून शहराकडं निघालो अन् शहराच्या वेशीवरच्या चुंगी नाक्याच्या अलीकडंच ती गेली. जयवंताच्या मांडीवर होती. जयवंता नाक्यापर्यंत तिले वारा घालतच होती. मी पाह्यलं होतं, पण मी बोललो नाही.

बापानं खोदलं, मी धरून उभा होतो. मुरूम टणक, कुदळ वाजायची. झालं तसं बाप म्हणाला, इथून पळसापर्यंत पावलं मोज अन् मनात ठेव, पण सांगू नको कोणाले. मी मोजली. मंग रीतीप्रमाणं दुसऱ्या वाटेनं, नाल्यानं आलो. नाल्यात चिखलामधी थोडं पाणी होतं, तिथंच हातपाय धुतले. घरी आलो तं जयवंता उंबऱ्यात बसली होती. तिनं माह्या तोंडाकडं नाही पाह्यलं, पायाकडं पाह्यलं. पायाले नाल्याचा काळा चिखल लागलेला.

"कुठं ठेवली जी?" तिनं विचारलं.

मी आत गेलो.

महिनाभर विचारलं तिनं. भाकर वाढताना, पाणी देताना. एक दिवस म्हणाली, "देव सोडले, नवस सोडले, एवढे नदीत नेऊन टाकले. हे एक काहून नाही सोडत जी तुम्ही?" बाप खाटेवरून खोकलला, अन् मी उठून चावडीत गेलो. नंतर तिनं विचारणं सोडलं. पण नाल्यावरून जाताना ती हळू व्हायची. डोक्यावर भारा असला तरी तिथं पावलं कमी करायची, काठाच्या झुडपाकडं एकदा पाहायची अन् पुढं जायची. मले समजलं. ती पोरगी तिथं आहे असं धरून चालली होती. मी म्हटलं, राहू दे. तिले पाहायले एक जागा तं आहे. असं म्हणून मी मोठा शहाणपणा केला असं मले वाटे. काय सांगू, माह्यासारखा गाढव माणूस या पंचक्रोशीत नसन.

मंग आम्हाले दोन पोरं झाली. मोठी झाली, शाळेत गेली. वच्छीचं नाव घरात निघत नव्हतं.

बहात्तर साली पंचायतीची निवडणूक झाली. बायाइच्या दोन जागा होत्या. एकीवर गोपाळरावांनी आपल्या बायकोले, सिंधूताईले बसवलं. दुसरीवर वस्तीच्या लोकाइनं जयवंताले उभं केलं, कारण ती कोणाले भीत नव्हती. सही शिकली, बोटं दुखेपर्यंत पाटीवर गिरवली. पहिल्याच सभेत सगळ्या पंचांसमोर विहिरीचं पाणी एकेक लोटा ठेवलं अन् म्हणाली, "चहा नंतर. पहिले हे प्या." कोणी प्यायलं नाही. दोन वर्षं ती तेवढंच बोलली. गटाराचा विषय निघो, दिव्याचा निघो, ती म्हणायची, पाण्याचं काय? लोक हसायचे. मी चहाची किटली घेऊन दारात उभा राहायचो अन् मले हसू येत नव्हतं, कारण तिले पाणी काहून पायजे हे त्या चावडीत मले एकट्याले माहीत होतं.

चौऱ्याहत्तर साली हुकूम आला की गाव शहरात जाईल. पंचायत संपणार, कार्पोरेशन येणार. कोणी पेढे वाटले, कोणी शिव्या दिल्या. शेवटच्या सभेले शहरातून एक इंजिनियर साहेब आले होते, भला माणूस. त्याइनं सरळ सांगितलं, "टाकी तुम्हाला मिळू शकते. पण जागा पंचायतीनं आत्ता ठरावानं दिली तर लवकर होईल. एकदा पंचायत संपली की मग जागेसाठी वर्षानुवर्षं थांबावं लागेल. मी पाहिलंय, नाल्याकडची जागा मोकळी आहे. तीच देऊन टाका."

जयवंता उठली. हातात पदराचं टोक धरलेलं.

"नाल्याकडची नाही देता येत, साहेब."

"का बाई?"

"पुराचं पाणी येते तिथं," ती म्हणाली. पूर तिथं दहा वर्षांत आला नव्हता. "टेकडीमागं द्या ना. सपाट आहे, उंच आहे, पाणी जोरानं येईल. पडीत जागा आहे ती. तिथं काहीच नाही."

माणसाइनं चहाचे कप खाली ठेवले.

पंच नऊ होते. दोन बाया, सात माणसं. त्या सातांपैकी चौघं टेकडीमागं स्वतः जाऊन आले होते, हे मले पक्कं माहीत होतं. गोपाळराव तं दोनदा. गोपाळरावांनी माह्याकडं पाह्यलं. मी किटलीकडं पाह्यलं. त्यातल्या एकानं जरी म्हटलं असतं की ती जागा नका देऊ, तं साहेबानं विचारलं असतं, काहून? अन् जयवंता अन् सिंधूताई समोर बसल्या होत्या. बायाइच्या समोर ते नाव आमच्यापैकी कोणाच्या बापानं काढलं नव्हतं, आम्ही कसं काढणार?

"कोणाची हरकत?" ग्रामसेवकानं विचारलं. तो बाहेरगावचा, त्याले काय माहीत.

कोणाची हरकत नव्हती. ग्रामसेवकानं लिहिलं, टेकडीमागील पडीत जागा पाण्याच्या टाकीकरिता देण्यात यावी, सर्वानुमते मंजूर. सूचक, जयवंता देवाजी सहारे. अनुमोदक, सिंधूताई गोपाळराव भोयर. जयवंता सही करायले आली. खिडकीतून वारा येत होता, रजिस्टरचं पान उडत होतं, म्हणून मी पानाचा कोपरा दाबून धरला. तिनं एकेक अक्षर जपून काढलं. मी कोपरा सोडला नाही.

त्या दिवशी संध्याकाळी ती खुशीत होती. किती वर्षांनी मी तिले तशी पाह्यली. चुलीजवळ बसून तांदूळ निवडत होती अन् मधातच म्हणाली, "नाल्याकडची वाचवली मी आज."

मी ताटापुढं जाऊन बसलो.

"तुम्हीही काही बोलले नाही तिथं. मले समजलं. तुमचंही मन नव्हतं नाल्याकडची द्यायचं. शिपायानं सभेत बोलायचं नसते, पण मन तं असते." असं म्हणून तिनं माह्या ताटात भाकरीवर तुपाची धार ओतली. आमच्या घरी तूप पाहुणा आला तरच निघायचं. मी ती भाकर खाल्ली. कशी खाल्ली ते मले विचारू नका.

तिले तवाच सांगायले पायजे होतं. तिनं एका दिवसात टाकीची जागा हलवली असती, तेवढी हिंमत तिच्यात होती. पण सांगायचं म्हणजे काय सांगायचं? तुह्या पोरीची जागा तूच सही करून दिली, असं? मी भ्यालो. रीत बीत नंतरची गोष्ट आहे, मी तिच्या तोंडाले भ्यालो. म्हटलं, तिले न सांगताच काम करतो.

आठव्या दिवशी सुटी काढून शहरात कार्पोरेशनच्या कचेरीत गेलो. टेबलावर एक बुढे बाबू होते, लोक त्याइले भैय्याजी म्हणत. मी म्हटलं, बेलटेकडीच्या टाकीची जागा बदला. त्याइनं आमच्या गावची यादी काढली. पंचायतीनं सोपवलेल्या जागा. चावडी, शाळा, दोन विहिरी, कोंडवाडा, दोन मसणं, गुरचरण.

"टेकडीमागं काय आहे?" त्याइनं विचारलं.

"लेकरं आहेत साहेब."

त्याइले पहिले समजलं नाही. मंग समजलं. चष्मा काढला. "यादीत काहून नाही टाकलं?"

"ते लिहीत नाहीत जी. बोलतही नाहीत."

"बाप्पा," ते म्हणाले अन् ठरावाचा कागद माह्यापुढं ठेवला. "हे पाहा. ही सूचक बाई कोण?"

"माही बायको."

त्याइनं चष्मा पुसून परत लावला. मंग त्याइनं कोरा कागद दिला. "गावातल्या पाच बापांच्या सह्या आणा. इथं आमची लेकरं पुरलेली आहेत, एवढंच लिहा. मी स्वतः वर घेऊन जातो. जागा बदलेल." अन् तो माणूस खोटं बोलत नव्हता. कोणी म्हणन कार्पोरेशननं केलं, तं त्याचं तोंड मी धरीन. कार्पोरेशननं काही केलं नाही. जे केलं ते आम्ही केलं.

कागद घेऊन पहिले गोपाळरावांच्या बागेत गेलो. ते संत्र्याच्या झाडाइले आळे करत होते. कागद वाचला अन् माह्या हातात परत दिला.

"देवाजी, कागद झाला म्हणजे तो वाचला जाईल गा. कचेरीत वाचतील, चावडीत वाचतील. गावात बायाइले समजन."

"समजू द्या की मालक. टाकी तं हलन."

"सिंधूनं मले दोनदा विचारलं. दोन्ही वेळा महिना-महिना विचारलं. मंग चूप झाली. आता तिची पन्नाशी आली, सुना आल्या, तिले पुन्हा तिथं नेऊन उभी करू?" एवढा मोठ्या आवाजाचा माणूस, पण आळ्यातल्या मातीकडं पाहून बोलत होता. "माह्यानं नाही होत."

थोड्या वेळानं त्याइनंच विचारलं, "किती खोल खोदतील?"

"चार खांब आहेत. माणूसभर खोल."

"मंग खांबाइच्या मधातलं राहीन," ते म्हणाले.

बाकीच्या तिघांनीही तेच म्हटलं. कोणी घरात बसून म्हटलं, कोणी शेताच्या धुऱ्यावर उभं राहून. मधातलं राहीन. कागदावर माही एकट्याची सही राहिली. तो कागद मी खाकी सदऱ्याच्या खिशात घेऊन फिरलो, पावसाळा गेला, दिवाळी गेली, तो खिशातच मऊ झाला.

पंचायत गेली. चावडीवरचा बोर्ड मीच काढला, मागच्या बाजूनं पाली निघाल्या. मले कार्पोरेशनात घेतलं, खाकी तीच राहिली. अन् पंच्याहत्तरच्या जानेवारीत टाकीचं काम निघालं. इंजिनियर साहेबानं निरोप पाठवला, पहिली कुदळ जयवंताबाई मारतील, त्यांच्यामुळंच ही टाकी होत आहे.

सकाळचे दहा वाजले असतील. ऊन चांगलं होतं. जयवंता पांढरी साडी नेसली होती, तिच्याजवळ तेवढीच एक चांगली होती. सारं गाव टेकडीमागं आलं. बाया तिथं पहिल्यांदाच येत होत्या. इकडं-तिकडं पाहून एक जण म्हणाली, "एवढे पळस आहेत वं इथं, अन् आपण सरपणाले दोन मैल जातो." दुसरी म्हणाली, विंचू कुठं आहेत बाप्पा? माणसं सारी झाडाखाली उभी होती, एकमेकाइकडं पाहत नव्हती.

जमिनीवर चुन्याच्या रेषा मारल्या होत्या, मोठा चौकोन, चार कोपऱ्यात चार खड्ड्याइच्या खुणा. साहेब दोन शब्द बोलले. लोकाइनं टाळ्या वाजवल्या. एकानं जयवंताच्या हाती कुदळ दिली. ती एका कोपऱ्यावर गेली, पदर खोचला, पाय फाकवून उभी राहिली अन् कुदळ उचलली.

कुदळ उचललेली पाहून मले त्या मुरमावरचा तो आवाज आठवला. बापाच्या कुदळीचा. माहे पाय आपोआप निघाले.

"जयवंता, थांब."

तिनं कुदळ खाली घेतली. "काय झालं?"

मी जवळ गेलो. हळूच बोललो, पण चुप्पी एवढी होती की साऱ्याइले ऐकू गेलं असन. "नाल्याकडं नाही वं. वच्छी इथं आहे."

तिनं माह्याकडं पाह्यलं, मंग कुदळीकडं पाह्यलं, मंग चुन्याच्या रेषेकडं. मले वाटलं ती कुदळ माह्या डोक्यात घालन. घातली असती तं बरं झालं असतं. तिनं कुदळ फेकली नाही, आपटली नाही, हळूच खाली ठेवली. अन् एकच विचारलं.

"कुठं?"

चौदा वर्षांपूर्वी विचारलं होतं तेच. आता मले सांगायचं होतं. मी पळसाकडं गेलो. बापानं मोजून घ्यायले लावलं होतं, सतरा पावलं, उगवतीकडं. पण कोणता पळस? तवा जो होता तो मोठा होता, त्याच्या बुडाशी वारूळ होतं. आता वारूळ कुठंच नव्हतं. दोन झाडं तुटून त्याचे खुंट राहिले होते, तीन नवीन उगवले होते. मी एका झाडापासून सतरा पावलं मोजली अन् म्हटलं, इथं. मंग वाटलं, नाही, तवा तिथून टेकडीवरचा मोठा दगड दिसायचा, इथून दिसत नव्हता. दुसऱ्या झाडापासून मोजली. तिथं उतार होता, आमच्या वेळी उतार नव्हता, का पावसानं धुऊन झाला कोणास ठाऊक. एका खुंटापासून मोजली. माही पावलंही तवाची राहिली नव्हती. बाप मरून आठ वर्षं झाली होती, विचारू कोणाले?

जयवंता माह्या मागं-मागं येत होती. मी जिथं थांबलो तिथं थांबत होती, खाली पाहत होती. मी म्हटलं, इथं असन. मंग म्हटलं, नाही, थांब. चौथ्या वेळी मले पुढं जाता आलं नाही. मी तिथंच मुरमावर उकिडवा बसलो.

चौदा वर्षं मी जे तोंड दाबून धरलं होतं, त्यात काहीच नव्हतं. मी रोज त्या गावात फिरलो, पण एकदाही वर जाऊन जागा पाहून आलो नाही. रीत होती. बापानंही जायचं नसते.

जयवंता माह्यासमोर उभी होती. ती ओरडली नाही, शिव्या दिल्या नाही. साधी, भाजीचा भाव सांगावा तशी म्हणाली, "मले वाटे, मले माहीत नाही तं नाही, तुम्हाले तं माहीत आहे. चौदा वर्षं मी त्याच भरवशावर काढली जी."

मी मुरमाकडं पाहत राहिलो.

ती वळली. मले वाटलं घरी चालली. ती चुन्याच्या रेषेपर्यंत गेली, चपला काढून बाजूले ठेवल्या अन् चौकोनाच्या पार बाहेर, जिथं सपाट सुरू होते तिथं जाऊन उभी राहिली. अन् चालायले लागली. पावलाले पाऊल लावून, टाचेसमोर बोटं, बोटासमोर टाच. त्या टोकापर्यंत गेली, एक वीत सरकली अन् परत फिरली. निंदणाले बाया आपापली ओळ, म्हणजे पात धरतात, तशी तिनं पात धरली होती. मधात एक तसूभर जागा सोडायची नाही. मंग मले समजलं ती काय करून राहिली. मी जागा सांगू शकलो नाही, म्हणून ती साऱ्या जागेवर पाय ठेवत होती, म्हणजे त्यातलं एक पाऊल तरी पोरीजवळ पडन.

"हे काय चाललंय?" साहेबांनी विचारलं.

सिंधूताईनं गोपाळरावांकडं पाह्यलं. नुसतं पाह्यलं. गोपाळरावांनी मान खाली घातली. तेवढ्यानं झालं. सिंधूताईनं चपला काढल्या, लुगड्याचा काठ वर घेतला अन् जयवंताच्या बाजूची पात धरली. मंग वस्तीतली बुढी भीमाबाई काठी टेकत आली, तिची तीन गेली होती. तिनं काठी पळसाले टेकवून ठेवली अन् तिसरी पात धरली. मंग एकेक. कोणी आपल्या घरच्या माणसाकडं पाहायची, तो खाली पाहायचा, अन् ती चपला काढायची. मी एकोणीसपर्यंत मोजल्या, पुढं मोजवलं नाही. कुणब्याच्या, तेल्याच्या, आमच्या, सगळ्या एका ओळीत. कोणी मोठ्यानं रडलं नाही. मुरमावर पायाचा आवाज तेवढा येत होता. साहेबानं टोपी काढली होती अन् मजुराइले त्यानं बसायले सांगितलं.

ऊन डोक्यावर आलं. बाया टोकापर्यंत जात होत्या, वळत होत्या, येत होत्या. आम्ही सारे बाप झाडाखाली होतो, मी तेवढा मधात बसलेला. ओळ सरकत-सरकत माह्याजवळ आली. पुढं जयवंता होती. तिच्या पायाले मुरूम लागला होता, अंगठ्यातून थोडं रक्त येत होतं. ती माह्यासमोर येऊन थांबली.

"उठा," ती म्हणाली. "तुमच्या पायाखालची राहिली आहे."

मी उठलो, बाजूले झालो. तिनं तिथं पाय ठेवला अन् पुढं गेली.